वाट दाखविणारे यंत्र : गाडीतले जीपीएस बरे की खिशातला फोन?



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, हुमणी, ठिबक आणि माती परीक्षण यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. कारण गेल्या हंगामात घडलेली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

माघातली रात्र. कारखान्याकडे येणाऱ्या नेहमीच्या रस्त्यावर मोरीचे काम निघाले होते. एक ट्रॅक्टर दोन ट्रेलर भरून, म्हणजे सुमारे पंधरा-सोळा टन ऊस घेऊन फडातून निघाला. चालक वीस-बावीस वर्षांचा पोरगा, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला. रस्ता बंद दिसल्यावर त्याने खिशातला फोन काढला, त्यात कारखान्याचे नाव घातले आणि फोनने वाट दाखविली. वळशाच्या रस्त्यापेक्षा चार किलोमीटर जवळची. पोरगा खूश झाला. ती वाट होती कालव्याच्या भरावावरची. दीड किलोमीटर गेल्यावर चारीपाशी जे काटकोनातले वळण आहे, तिथे पुढचा ट्रेलर कसाबसा वळला आणि मागचा भरावावरून घसरून चारीत गेला. त्याच्या ओढीने ट्रॅक्टरही कलंडला. पोरगा वाचला, पण त्याचा पाय मोडला. ऊस दोन दिवस तिथेच पडून राहिला. तोडलेला ऊस पडून राहिला की वजनही घटते आणि साखरही, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

ज्यांचा ऊस होता ते सभासद तिसऱ्या दिवशी गट कार्यालयात आले. वजनाबद्दल त्यांनी फारशी तक्रार केली नाही. म्हणाले, “साहेब, मला एवढंच सांगा, चूक कुणाची धरायची? पोराची, फोनची, का त्या आभाळातल्या उपग्रहाची?”

त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ते द्यावे म्हणून हा लेख. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी मोटार आहे, प्रत्येक चालकाच्या खिशात फोन आहे आणि काही वाहतूकदारांच्या गाडीत काचेवर चिकटवलेले स्वतंत्र जीपीएस यंत्रही आहे. “साहेब, यातलं बरं कुठलं?” असे वारंवार विचारले जाते. तेव्हा मुळापासून सुरुवात करू.

जीपीएस म्हणजे काय?

विहिरीला सुरुंग लावलेला आपण लांबून पाहिला असेल. धूर आधी दिसतो, आवाज मागून येतो. आवाज यायला तीन सेकंद लागले तर सुरुंग साधारण एक किलोमीटरवर आहे असे जाणता माणूस सांगतो. म्हणजे लागलेल्या वेळावरून अंतर काढता येते. जीपीएसचे सारे मर्म एवढेच आहे.

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे उपग्रह फिरत असतात. व्यवस्था नीट चालण्यास निदान २४ उपग्रह लागतात. प्रत्येक उपग्रहात अतिशय अचूक घड्याळ असते आणि तो सारखा सांगत असतो, ‘मी अमुक जागी आहे व आत्ता अमुक वेळ झाली आहे.’ हा संदेश रेडिओ लहरींनी येतो. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. आपल्या हातातले यंत्र तो संदेश ऐकते, किती उशिरा पोचला ते पाहते आणि त्यावरून त्या उपग्रहाचे अंतर काढते. मोजणीदार हद्दीच्या पक्क्या दगडांपासून साखळी टाकून नवा बिंदू ठरवतो, तसेच हे. फक्त येथे दगड आभाळात आहेत.

तीन उपग्रहांची अंतरे कळली की जागा ठरते. मात्र आपल्या यंत्रातले घड्याळ साधे असते. सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्श्याची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरनी चुकते. म्हणून घड्याळाची चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. चार उपग्रह दिसले पाहिजेत, आणि दिसायला आभाळ मोकळे पाहिजे. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची चूक साधारण ५ मीटरची असते. उंच इमारती, घाटातले कडे, दाट झाडी यांत ती वाढते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. “रेंज नाही, त्यामुळं जीपीएस चालत नाही,” असे आपण म्हणतो. ते खरे नाही. उपग्रहाचा संदेश ऐकण्यास ना सिमकार्ड लागते, ना इंटरनेट, ना पैसे. यंत्र फक्त ऐकते, उपग्रहाला उलट काही कळवीत नाही. रेडिओवर बाजारभाव ऐकण्यासारखेच ते आहे. रेंज लागते ती नकाशासाठी. हा फरक पक्का ध्यानात ठेवावा, पुढचे सर्व विवेचन त्यावरच उभे आहे.

थोडा इतिहास

या मालिकेतला पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला. योजना अमेरिकेच्या सैन्याची. १९८३ साली कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत रशियाच्या हद्दीत शिरले व पाडले गेले. त्यात २६९ माणसे गेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ही व्यवस्था सामान्य नागरिकांनाही खुली करण्याचे जाहीर केले. १९९५ साली ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. तरीही नागरिकांच्या संदेशात सैन्याने मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडे-तिकडे दिसे. मे २००० मध्ये ती मिसळ बंद झाली आणि गाडीत वाट दाखविणारे यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी झाले. रशिया, युरोप व चीन यांनी आपापले उपग्रह सोडले. आपल्या भारतीय अवकाश संशोधन संस्थेनेही २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडण्यास आरंभ केला व २०१६ साली त्या व्यवस्थेस ‘नाविक’ असे नाव देण्यात आले. आजचे बरेचसे फोन यांपैकी अनेकांचे संदेश एकदम ऐकतात.

गाडीतल्या स्वतंत्र यंत्रांचा जोर २००० नंतरच्या दहा वर्षांत होता. अमेरिकेची गार्मिन आणि हॉलंडची टॉमटॉम या त्यातल्या नावाजलेल्या कंपन्या. २००९ साली गूगलने फोनवर वळणावळणाला बोलून वाट दाखविण्याची सोय फुकट दिली. ज्या कामासाठी माणसे पैसे मोजून यंत्र विकत घेत होती, तेच काम फोन फुकट करू लागल्यावर यंत्रांचा खप उतरणीला लागला. तरीही ती यंत्रे आज संपलेली नाहीत. का संपली नाहीत ते पाहू.

गाडीतले स्वतंत्र यंत्र

याचा मुख्य गुण हा की सगळा नकाशा त्याच्या पोटातच असतो. डोंगरात रेंज जावो की राहो, त्याला फरक पडत नाही. वळण चुकले तर ते जागच्या जागी नवी वाट शोधून देते. त्याला एकच काम असते. मध्येच पाहुण्याचा फोन येत नाही की लग्नाची चित्रफीत वाजत नाही. पडदा मोठा, आवाज खणखणीत, गाडीच्या बॅटरीवर चालणारे आणि काचेवर पक्के बसणारे. उन्हाच्या तापाचा विचार करूनच ते बांधलेले असते. परदेशात मालमोटारीसाठी खास यंत्रे मिळतात. त्यांत गाडीची उंची, लांबी व वजन भरले की कमी उंचीच्या पुलाखालून जाणारी वाट ते टाळते.

आता दोष. पोटातला नकाशा ज्या दिवशी भरला त्या दिवसाचा असतो. पुढे नवा वळणरस्ता झाला, पूल वाहून गेला, तरी त्याला पत्ता नसतो. नकाशा मधूनमधून संगणकाला किंवा वाय-फायला जोडून ताजा करावा लागतो, आणि आपल्याकडे तो कुणी करीत नाही. दुसरे असे की रस्त्यावर पुढे गाड्यांची रांग लागली आहे हे त्याला आपणहून कळत नाही, त्यासाठी वेगळी जोडणी लागते. तिसरे, आपली वाडी-वस्ती, ‘पाटलाच्या मळ्याजवळ’ असले पत्ते त्यात सापडत नाहीत.

जुन्या यंत्रांची आणखी एक खोड आहे. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १०२४ पर्यंतच होते आणि नंतर पुन्हा शून्यापासून चालू होते. असे १९९९ साली झाले आणि ६ एप्रिल २०१९ रोजी पुन्हा झाले. ज्या जुन्या यंत्रांत याची सोय केलेली नव्हती त्यांची तारीख वीसेक वर्षांनी मागे गेली. म्हणून कुणी स्वस्तात जुने यंत्र देऊ लागला तर आधी त्यातली तारीख पाहावी.

खिशातला फोन

फोनचा नकाशा बहुधा इंटरनेटवरून येतो. म्हणून तो ताजा असतो आणि त्यात किराणा दुकानापासून दवाखान्यापर्यंत सारे सापडते. पुढच्या रस्त्यावरची गर्दीही तो सांगतो. ती कशी कळते? रस्त्यावरून जाणाऱ्या इतर लोकांचे फोन आपला वेग कळवीत असतात. खूप फोन मुंगीच्या वेगाने सरकत असले की नकाशावर लाल रेघ उमटते. अर्थात ज्या रस्त्यावर फोनच फिरत नाहीत, त्याबद्दल त्याला काही ठाऊक नसते. शिवारातल्या वाटेवर लाल रेघ दिसली नाही, म्हणजे वाट चांगली आहे असे नव्हे. तिथून कुणी गेलेच नसेल!

फोनचा आणखी एक गुण. स्वतंत्र यंत्राला जागा सापडण्यास सुरुवातीला वेळ लागतो, कारण उपग्रहांची कुंडली उपग्रहांकडूनच ऐकावी लागते आणि तो संदेश फार हळू येतो. सर्व उपग्रहांची संपूर्ण यादी ऐकण्यास साडेबारा मिनिटे लागतात. फोन तीच माहिती मोबाईलच्या मनोऱ्याकडून क्षणात घेतो. आणि सर्वांत उपयोगाचे म्हणजे आपण उभे आहोत ती नेमकी जागा दुसऱ्याला पाठवता येते. फडात कुणाला सर्प चावला तर रुग्णवाहिकेला ‘ओढ्याच्या पलीकडं, चिंचेजवळ’ असे सांगत बसण्यापेक्षा जागा पाठविणे किती मोलाचे आहे, ते वेगळे सांगावयास नको.

दोष पाहू गेल्यास, रेंज गेली की नवा नकाशा येत नाही. वाट दाखविताना पडदा सारखा चालू राहिल्याने बॅटरी झपाट्याने उतरते. ऊन फोनला सोसत नाही. ॲपल कंपनी आपला आयफोन ० ते ३५ अंश हवामानात वापरावा असे सांगते. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये सावलीतच पारा त्यावर जातो, मग काचेमागे उन्हात ठेवलेल्या फोनचे काय होणार? तो तापतो, पडदा अंधूक करतो आणि शेवटी बंद पडतो, तेही नेमके आडरानात. शिवाय फोन येतात, निरोप येतात आणि माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. हा शेवटचा दोष आम्हास सर्वांत मोठा वाटतो.

आमचा अनुभव

मध्यंतरी आम्ही काही सभासदांना घेऊन पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्रावर आणि तिथून पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अभ्यास-सहलीस गेलो होतो. जीपगाड्या दोन होत्या. एका वाहतूकदार सभासदाने आपले जुने जीपीएस यंत्र आणले होते, ते पहिल्या गाडीत लावले. दुसरीत फोन. पैजच लागली म्हणा ना!

पहिल्या टप्प्यात डोंगराआड रेंज गेली. फोनवाली गाडी तरीही नीट चालली होती, कारण निघताना फोनने ठरलेली वाट आधीच उतरवून घेतली होती. निळा ठिपका पुढे सरकत होता. पण चालकाने एक फाटा चुकवला आणि फोन थबकला. नवी वाट शोधण्यास त्याला इंटरनेट पाहिजे होते. नुसता ठिपका दिसतो, भोवती पांढरी पाटी. त्याच फाट्यावर पहिली गाडीही मुद्दाम चुकविली, तर यंत्राने क्षणात सांगितले, ‘पुढे जा, उजवीकडे वळा.’ यंत्रवाले सभासद मिशीतल्या मिशीत हसले.

पण ते हसू फार वेळ टिकले नाही. पुढे रस्त्याचे रुंदीकरण होऊन काही ठिकाणी रस्ता नव्या जागेवरून गेला आहे. तिथे यंत्राच्या पडद्यावर आमची जीप चक्क शेतातून चाललेली दिसू लागली आणि ते सारखे ‘मागे वळा, मागे वळा’ म्हणून ओरडू लागले. एक वयस्कर सभासद म्हणाले, “अहो, हे यंत्र अजून जुन्याच गावात राहतंय!” पुण्याजवळ आल्यावर फोनने पुढची गर्दी आधीच सांगितली व बाजूचा रस्ता दिला. तिथे फोनवाली गाडी वीसेक मिनिटे आधी पोचली.

पैज बरोबरीत सुटली. परतताना मात्र आम्ही शहाणपण केले. सकाळीच फोनमध्ये त्या सबंध भागाचा नकाशा उतरवून ठेवला. नकाशाच्या ॲपमध्ये ‘ऑफलाइन नकाशे’ असा भाग असतो, तिथे जाऊन हवा तो प्रदेश निवडावयाचा, एवढेच काम. मग फोनलाही यंत्रासारखे पोट मिळते. रेंज नसताना तो मोटारीची वाट शोधून देतो, फक्त रस्त्यावरची गर्दी सांगत नाही. परतीच्या वाटेवर रेंज दोनदा गेली, पण फोन कुठे अडला नाही.

दोन्ही कुठे फसतात?

आता लेखातला मुख्य मुद्दा. उपग्रह फक्त एक गोष्ट सांगतो, ‘तू येथे आहेस.’ ‘येथून पुढे रस्ता आहे’ हे उपग्रह सांगत नाही, ते नकाशा सांगतो. आणि नकाशा माणसाने केलेला असतो. तो जुना असू शकतो, चुकीचा असू शकतो, अपुराही असू शकतो. यंत्र घ्या की फोन घ्या, हा धोका दोन्हींत सारखाच आहे.

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात पुण्याची एक मोटार रात्रीच्या वेळी फोनने दाखविलेल्या वाटेने गेली. त्या वाटेवरचा पूल धरणाच्या फुगवट्याखाली गेलेला होता. मोटार पाण्यात शिरली आणि एका माणसाचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवर असाच प्रकार झाला. पुलाचा काही भाग पुरात वाहून गेला होता, पण नकाशात पूल अखंड होता. मोटार तुटलेल्या टोकावरून खाली गेली व तीन माणसे दगावली. या दोन्ही ठिकाणी उपग्रहाने जागा बरोबर सांगितली असणार. चुकला तो नकाशा, आणि रस्त्यावर अडथळा व पाटी लावणाराही.

आपल्या कामात याला आणखी एक पदर आहे. ‘जवळची वाट’ काढताना फोन धरून चालतो की आपण मोटारीत किंवा दुचाकीवर आहोत. आपल्यामागे दोन ट्रेलर आहेत, त्यात पंधरा टन ऊस आहे, वळायला लांब जागा लागते, उतारावर मागचा ट्रेलर ढकलतो, हे त्याला माहीत नाही. फरशी पुलाला किती भार सोसतो, कालव्याचा भराव पावसाने किती भुसभुशीत झाला, विजेची तार किती खाली लोंबते, हेही त्याला माहीत नाही. परदेशी मालमोटारीचे यंत्र आणले म्हणून आपल्या पाणंदीची माहिती त्यात येणार आहे थोडीच? ती माहिती चिटबॉयला असते, पाटकऱ्याला असते, बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याला असते. ती विचारून घेतली पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

२०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली चालविताना हातात फोन वापरणे हे धोकादायक वाहन चालविणे समजले जाते. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमात वाट पाहण्यापुरता फोन वापरण्यास मुभा आहे, परंतु चालकाचे लक्ष विचलित होऊ नये अशा रीतीनेच. म्हणजे फोन स्टँडवर लावलेला पाहिजे, वाट निघण्यापूर्वीच भरलेली पाहिजे आणि मध्ये काही बदलावयाचे झाल्यास गाडी बाजूला उभी केली पाहिजे. एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फोन, हे चालणार नाही. कायद्याचे राहू द्या, ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. तीन सेकंद पडद्याकडे पाहिले, म्हणजे ५० मीटर डोळे झाकून गाडी चालविली.

जाता जाता : ऊसनोंदीची मोजणी

“मग तुमची माणसं जीपीएसनं क्षेत्र मोजतात ते तरी खरं का?” हाही प्रश्न येतो. मोजणी करताना सगळेच बिंदू एका बाजूला चार-पाच मीटर सरकले तरी क्षेत्र बदलत नाही, कारण सबंध आकृतीच सरकते. चूक होते ती चालण्यात. चौरस एक एकराची बाजू सुमारे ६३.६ मीटर असते. मोजणारा माणूस चारही बाजूंनी कडेपासून तीन मीटर आतून चालला तर ४० गुंठ्यांचे ३३ गुंठेच भरतात. म्हणून मोजणीच्या वेळी सभासदाने स्वतः हजर राहावे व उसाच्या कडेनेच फेरी पूर्ण करून घ्यावी. तो आपला हक्क आहे.

मग घ्यावे काय?

आमचे मत असे :

१. ज्यांच्याजवळ चांगला फोन आहे त्यांनी केवळ घरगुती मोटारीसाठी वेगळे जीपीएस यंत्र घेण्याची गरज नाही. तो पैसा ठिबकला लावावा.

२. फोन वापरणाऱ्याने तीन वस्तू जरूर घ्याव्यात. पक्का स्टँड, गाडीत चालणारा चार्जर आणि आधीच उतरविलेला नकाशा. स्टँड उन्हाच्या काचेवर न लावता शक्यतो हवेच्या झडपेजवळ लावावा.

३. ज्यांची गाडी सतत परप्रांतात व डोंगराळ भागात जाते, अशा वाहतूकदारांना स्वतंत्र यंत्र उपयोगी आहे, परंतु वर्षातून दोनदा तरी नकाशा ताजा करण्याची तयारी असेल तरच. जुना नकाशा असलेले यंत्र नसलेल्या यंत्रापेक्षा वाईट.

४. नवी वाट असेल तर ती निघण्यापूर्वी घरी बसून पडद्यावर एकदा पूर्ण पाहावी. नदी, ओढा, कालवा, धरण कुठे ओलांडावे लागते ते पाहून ठेवावे.

५. पावसाळ्यात व रात्री यंत्राने मोठा रस्ता सोडून आत वळावयास सांगितले तर आधी थांबावे आणि माणसाला विचारावे. पाण्याखाली गेलेल्या फरशीवर गाडी घालू नये, मग फोन काहीही म्हणो.

६. ऊस भरलेल्या गाडीने फोनची ‘जवळची वाट’ कधीही धरू नये.

त्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या सभासदांच्या प्रश्नाकडे वळू. चूक कुणाची? उपग्रहाची नव्हे, तो बरोबरच सांगत होता. फोनने आपल्या समजुतीप्रमाणे मोटारीची वाट दाखविली. पोराने अनोळखी मुलखात, रात्री, हाताशी असलेल्या एकमेव वाटाड्यावर विश्वास टाकला. मोरीचे काम चालू होणार हे आम्हास चार दिवस आधीपासून ठाऊक होते. भरलेल्या ट्रॅक्टरने कुठल्या रस्त्याने यावे, हे कागदावर लिहून प्रत्येक चालकाच्या हाती देणे आमच्या शेतकी विभागाचे काम होते. आम्ही ते फक्त मुकादमांच्या कानावर घातले आणि ते खाली पोचले की नाही पाहिले नाही. तेव्हा त्या चुकीतला मोठा वाटा आमचा आहे, हे येथे लिहून ठेवतो. ते सभासद व तो पोरगा, दोघांनाही आम्ही हे समक्ष भेटून सांगितले आहे. पोरगा आता चालू-फिरू लागला आहे.

येत्या हंगामात प्रत्येक गटात भरलेल्या गाड्यांचा रस्ता लिहिलेला कागद चालकाला तोडीच्या चिठ्ठीबरोबर मिळेल. ज्या वाटांनी ट्रॅक्टर घालू नये, त्यांची यादी गट कार्यालयाच्या फळ्यावर लागेल. आपल्या शिवारातली अशी धोक्याची वाट, खचलेली मोरी, लोंबणारी तार आपणास माहीत असेल तर हंगामापूर्वी गट कार्यालयात येऊन जरूर नोंदवावी. जी माहिती उपग्रहाजवळ नाही ती आपल्याजवळ आहे.

यंत्र चांगले आहे, फोनही चांगला आहे. दोन्हींचा उपयोग करून घ्यावा. परंतु ऊस गोड लागला म्हणून मुळापासून खाऊ नये, हे आम्ही ऊसवाल्यांना काय सांगावे?

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी